बेलफास्टला निघालेल्या मुलीसाठी: माल कुठे अडतो, माणूस कुठे अडतो

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला, म्हणून सविस्तर लिहिते. मुलगी सप्टेंबरात एमएस्सीसाठी बेलफास्टला निघाली आहे. एजंट म्हणतोय की डब्लिनला उतरा आणि पुढे बसने जा, तिकीट स्वस्त पडतं. तुमचे आतेभाऊ डब्लिनला असतात, तर जड सामान त्यांच्याकडे पाठवावं आणि तिने सुट्टीच्या दिवशी जाऊन आणावं असं घरात ठरतंय. शिवाय दिवाळीत फराळ पाठवायचा आहे.

आधी तिकिटाचं सांगते, कारण चूक झाली तर तिथेच सगळ्यात महाग पडेल. आयर्लंडचा व्हिसा हातात नसेल तर डब्लिनचं तिकीट काढू नका. बेलफास्ट उत्तर आयर्लंडात, म्हणजे यूकेत. डब्लिन आयर्लंड या वेगळ्या देशात. तुमच्या मुलीकडे असेल यूकेचा विद्यार्थी व्हिसा, आणि त्यावर आयर्लंडमध्ये शिरता येत नाही. बस लगेच पकडायची आहे, डब्लिनला राहायचं नाही, असं सांगूनही उपयोग नाही. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं तर आयर्लंडचाच व्हिसा लागतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला याच कारणावरून मुंबईला चेक-इनच्या काउंटरवरून परत पाठवलं. दोन मोठ्या बॅगा, सोडायला आलेले आजी-आजोबा आणि हातात बोर्डिंग पास नाही. त्याला दुसऱ्या दिवशीचं लंडनमार्गे तिकीट दुप्पट पैसे मोजून घ्यावं लागलं.

एजंटचा गोंधळ कशामुळे होतो तेही समजून घ्या. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात १९२३ पासून ‘कॉमन ट्रॅव्हल एरिया’ आहे. त्या दोन देशांचे नागरिक एकमेकांकडे मोकळेपणाने जातात, राहतात, नोकरी करतात. त्यातून २०१५ पासून आपल्या लोकांनाही एका व्हिसावर दोन्ही देश बघायची एक सोय झाली. पण ती थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसासाठी आहे, विद्यार्थी व्हिसाला लागू नाही. ‘एका व्हिसात दोन्ही होतं’ एवढंच कानावर पडलेलं असतं आणि पुढची अट कोणी सांगत नाही.

मी २०१७ ते २०२३ बेलफास्टला होते. त्याआधी काही वर्षं भोसरीत एका निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम करत होते: इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठे बनला त्याचा दाखला). त्यामुळे तिथली सीमा बदलली तेव्हा मला ती स्वयंपाकघरातूनही दिसली आणि कागदातूनही.

२३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, ३१ जानेवारी २०२० ला तो बाहेर पडला, आणि त्या वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालले. १ जानेवारी २०२१ ला मालाची सीमा खरोखर सुरू झाली. आता ती घालायची कुठे? उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यामधली हद्द सुमारे ५०० किलोमीटरची. तिच्यावर अनेक वर्षं सैनिकांच्या चौक्या होत्या, रक्त सांडलं होतं, आणि १९९८ च्या शांतता करारानंतर ती मोकळी झाली होती. तिथे पुन्हा नाके उभे करायची कोणाचीच तयारी नव्हती. आयर्लंड तर युरोपीय संघातच राहिला होता, म्हणून मालापुरते उत्तर आयर्लंडातही युरोपचेच नियम ठेवले आणि मालाची तपासणी समुद्रावर नेली. इंग्लंड-स्कॉटलंडहून बेलफास्टला येणाऱ्या मालाला कागद लागू लागले आणि डब्लिनहून येणारा माल पूर्वीसारखाच मोकळा राहिला.

इथे नीट लक्ष द्या, कारण तुमच्या घरातला बेत नेमका याच जागी चुकतोय. माल डब्लिनहून बेलफास्टला बिनबोभाट येतो, पण तुमची मुलगी तो आणायला डब्लिनला जाऊ शकत नाही. ती लंडनला, एडिंबराला कधीही जाऊ शकते, पण तिकडून माल मागवला तर कागद आडवे येतात. मालाची वेस एकीकडे आहे, भारतीय पासपोर्टची दुसरीकडे. बेलफास्टमधल्या आपल्या प्रत्येक घराचं जगणं या दोन वेशींच्या मध्ये असतं.

पुण्यातल्या माणसाला हे समजायला खरं तर कठीण जाऊ नये. आमच्या वडिलांचं रविवार पेठेत दुकान होतं. माल शहरात शिरायचा तर नाक्यावर जकात भरायची, आणि दुकानात गल्ल्यामागे तारेत ओवलेल्या जकातीच्या पावत्यांचा गठ्ठा लटकत असायचा. एखादा ट्रक सोलापूर रस्त्याच्या नाक्यावर रात्रभर थांबला की सकाळी गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ सांगावं लागे. गिऱ्हाईक स्कूटरवरून त्याच नाक्यासमोरून न थांबता आलेलं असे. पुण्यातली जकात १ एप्रिल २०१३ ला गेली, तिच्या जागी एलबीटी आला, २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यावर राज्यांच्या हद्दीवरच्या ट्रकच्या रांगाही गेल्या. आपल्याकडे नाके उठले त्याच काळात तिकडे नवे बसले.

रोजच्या खरेदीत ते कसं दिसतं? जानेवारी २०२१ मध्ये आमच्याकडच्या सुपरमार्केटांत कपाटं काही आठवडे अर्धी रिकामी होती. एका मोठ्या साखळीने तर आपला माल वेळेवर येईना म्हणून दुसऱ्याच ब्रँडची पाकिटं मांडली होती. ते थोड्या काळात सावरलं. टिकून राहिली ती लहान विक्रेत्यांची अडचण. त्या वर्षी मला खिडकीत लावायला तुळशीचं रोप हवं होतं. इंग्लंडच्या एका रोपवाटिकेच्या साइटवर सापडलं, पैसे भरायच्या पानापर्यंत गेले, पिनकोडच्या चौकटीत ‘बीटी ९’ टाकलं आणि बटण राखाडी झालं. खाली एक ओळ: या पत्त्यावर पाठवत नाही. उत्तर आयर्लंडचे सगळे पिनकोड ‘बीटी’ने सुरू होतात, त्यामुळे ती दोन अक्षरं टाकली की तुम्ही वेगळ्या गठ्ठ्यात जाता. रोपाच्या मुळांना माती असते आणि मातीला युरोपचे नियम लागतात. लंडनमध्ये राहणारी माझी मावसबहीण त्याच देशात राहून तेच रोप दोन दिवसांत घरी मागवू शकत होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं, आजही आठवतं.

२७ फेब्रुवारी २०२३ ला ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात विंडसर फ्रेमवर्क नावाचा नवा समझोता झाला आणि ऑक्टोबरपासून माल दोन रांगांत विभागला. उत्तर आयर्लंडमध्येच खपणारा माल हिरव्या रांगेतून, कमी कागदांत. पुढे आयर्लंडमध्ये जाऊ शकेल तो लाल रांगेतून, पूर्ण तपासणीने. तुमच्या मुलीला दुधाच्या, चीजच्या पाकिटावर ‘युरोपीय संघासाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का दिसेल. घाबरून फोन करेल म्हणून आधीच सांगते, त्यात खराब काही नाही. हिरव्या रांगेतून आल्याची ती खूण आहे. पार्सलांचीही नवी व्यवस्था १ मे २०२५ पासून लागू झाली. लंडनच्या मैत्रिणीने भेट पाठवली तर त्यावर वेगळा कस्टम्सचा फॉर्म लागत नाही. मात्र १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपचे उत्पादन-सुरक्षेचे नवे नियम आले आणि विक्रेत्याचा उत्तर आयर्लंडमध्ये किंवा युरोपात एक जबाबदार प्रतिनिधी हवा अशी अट आली. हाताने वस्तू बनवून विकणाऱ्या ब्रिटनमधल्या बऱ्याच लहान लोकांनी तेव्हा ‘बीटी’ला पाठवणं बंद केलं. म्हणून काहीही मागवताना आधी पत्ता टाकून बघायला सांगा, टोपली भरण्यात वेळ घालवू नये.

आता डब्लिनच्या आतेभावांचं. ती जाऊ शकत नसली तरी ते गाडीने बेलफास्टला येऊ शकतात, अर्थात त्यांचा पासपोर्ट आयरिश असेल तर. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांनाही यूकेचा व्हिसा लागेल, हे विचारून घ्या. रस्त्यावर काहीही अडवत नाही. हद्द ओलांडल्याचं कळतं ते वेगाच्या पाट्यांवरून, तिकडे किलोमीटर आणि इकडे मैल, आणि रस्त्याच्या कडेच्या पिवळ्या रेषा पांढऱ्या होतात. पण इंग्लंडच्या साइटवरून त्यांच्या डब्लिनच्या पत्त्यावर काही मागवू नका. १ जुलै २०२१ पासून युरोपबाहेरून येणाऱ्या छोट्यात छोट्या खरेदीवरही व्हॅट लागतो आणि आयर्लंडचा सर्वसाधारण दर २३ टक्के आहे. शिवाय सीमाशुल्कही लागू शकतं. ब्रिटन-युरोप करारात शुल्क शून्य आहे हे खरं, पण ते तिथे *बनलेल्या* मालाला. तिरुपूरला शिवलेला सुती कुर्ता इंग्लंडातल्या लेस्टरच्या गोदामातून डब्लिनला गेला तर तो भारतीयच धरला जातो आणि कपड्यांवर युरोपात साधारण १२ टक्के शुल्क असतं. भोसरीत आम्ही सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर इतका जीव का काढायचो, ते मला तिकडे गिऱ्हाईक झाल्यावर नीट कळलं.

फराळाचं सांगते. २०२१ च्या दिवाळीत आईने पार्सल पाठवलं. खोका उघडून पुन्हा चिकटवलेला आला, आत एक छापील चिठ्ठी, आणि तुपाची बरणी काढून घेतलेली. चकल्यांचा निम्मा चुरा झाला होता. आईने त्यातच पाडव्याची साडी घातली होती आणि फॉर्मवर प्रामाणिकपणे किंमत लिहिली होती ६५०० रुपये, म्हणजे तेव्हाचे ६५ पौंड. माणसाने माणसाला पाठवलेली भेट ३९ पौंडांपर्यंत करमुक्त असते. त्याच्या वर गेलं म्हणून २० टक्के व्हॅटचे १३ पौंड आणि टपालाच्या हाताळणीचे ८, असे २१ पौंड भरून मी खोका सोडवला. आईला मी ते कधी सांगितलं नाही.

म्हणून साडी वेगळी आणि फराळ वेगळा पाठवा. दूध आणि मांस यांपासून केलेलं काहीही नको: तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर. ताजा कढीपत्ता, ताज्या मिरच्या, आंबे हेही नको, त्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. चकली तेलात तळलेली असू द्या, मोहनही तेलाचंच घाला. चिवडा, शंकरपाळे (तूप-दूध न घालता), भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लसणाची कोरडी चटणी हे सगळं मी स्वतः मागवलं आहे आणि ते पोचलं आहे. फॉर्मवर नुसतं ‘फराळ’ किंवा ‘खाद्यपदार्थ’ लिहू नका. प्रत्येक जिन्नस वेगळा, साध्या इंग्रजीत, कशापासून केला आहे ते लिहून, वजनासह आणि किमतीसह लिहा. किंमत खोटी कमी दाखवू नका, साडीचं बिल आत निघालं तर सगळा खोका अडकतो.

काही जण म्हणतील की जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, आता कसली काळजी. पार्सलापुरता तो करार सीमाशुल्काचा आहे. व्हॅट आणि दुधातुपाचे नियम त्याने हलत नाहीत. आणि अन्नाची बंदी काय करू शकते ते कोकणातल्या बागायतदारांना विचारा. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला, ऐन हंगामात. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा. आंब्यावरची बंदी उठायला पुढच्या वर्षाचा जानेवारी उजाडला. त्या उन्हाळ्यात मार्केट यार्डात हापूसच्या पेट्यांकडे बघून आमचे वडील हळहळले होते, तेव्हा मला त्याचा अर्थ पुरता कळला नव्हता.

युरोपात फिरायला जाईल तेव्हा शेंगेन व्हिसा वेगळा घ्यावा लागेल हे तुम्हाला माहीत असेलच. लंडनहून जात असेल तर डब्यात चीजचं सँडविच नको. जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या बंदरावर ट्रकचालकांची हॅमची सँडविचेस काढून घेतानाची दृश्यं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली होती. मोबाइलचं कार्ड घेताना आयर्लंडमधलं रोमिंग फुकट आहे का ते बघायला सांगा. हद्दीजवळच्या न्यूरीसारख्या गावात फोन आपोआप पलीकडचा टॉवर पकडतो.

आता करायचं काय ते सांगते. पहिल्या प्रवासाला मुंबई-लंडन-बेलफास्ट असंच तिकीट काढा, सगळं एकाच बुकिंगवर, म्हणजे पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची जबाबदारी तिच्यावर येत नाही. व्हिसाची तपासणी लंडनला होते, बेलफास्टचं विमान देशांतर्गत असतं. तिथे स्थिरावल्यावर ती तिकडूनच आयर्लंडच्या भेटीच्या व्हिसाचा अर्ज करू शकते. बऱ्याच वेळा जाता येईल असा मागावा आणि काही आठवडे हाताशी ठेवावेत, कारण पासपोर्ट तेवढे दिवस त्यांच्याकडे राहतो. व्हिसा मिळाला की बेलफास्टच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून डब्लिनची रेल्वेगाडी आहे, सुमारे दोन तास लागतात. पासपोर्ट मात्र बरोबर ठेवायला सांगा, बॅगेच्या तळाशी नको. हद्दीवर कोणी थांबवत नाही, पण पलीकडे गेल्यावर आयरिश पोलीस कधीकधी गाडीत किंवा बसमध्ये चढून कागद विचारतात. माझ्या शेजारच्या बाकावरच्या एका मुलीला त्यांनी उतरवलं होतं, तेव्हा तिच्याकडे फक्त विद्यापीठाचं ओळखपत्र होतं.

तिकीट काढण्याआधी मार्ग इथेच लिहा, मी बघून सांगते.