ग्रहाआधी तारा

अनेक आशीर्वाद.

बाह्यग्रहांवर, म्हणजे इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर, पीएचडी करायचं तुझं ठरलं, फार आनंद झाला. दूरच्या ग्रहांच्या वातावरणात पाण्याची वाफ शोधायची, असं लिहिलं आहेस. जरूर शोध. पण पहिली दोन वर्षं ताऱ्याला आणि उपकरणाला दे, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

आपल्याला बहुतेक वेळा ग्रह दिसतच नाही, दिसतो तो तारा. दूरवरून कुणी सूर्याकडे पाहत असेल, तर पृथ्वीच्या अधिक्रमणात, म्हणजे ती सूर्यासमोरून जाताना, त्याला सूर्याचा प्रकाश दहा लाखांत जेमतेम 84 भागांनी कमी झालेला दिसेल, तोही वर्षातून एकदा, फार तर 13 तास. ग्रह ओळखायची दुसरी खूण म्हणजे ताऱ्याचं डुलणं. पृथ्वीच्या ओढीने सूर्य सेकंदाला फक्त 9 सेंटिमीटर वेगाने डुलतो आणि त्याच सूर्याच्या पृष्ठभागावर तप्त वायू त्याच्या कित्येक हजार पट वेगाने वर-खाली होत असतो. शिवाय डाग येतात, फिरतात, विरतात. या गदारोळातून ते 9 सेंटिमीटर वेगळे काढायचे आहेत.

तुझी पाण्याची वाफही यातून सुटत नाही. ट्रॅपिस्ट-1 या लहान, थंड ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह आहेत. वेब या अवकाश दुर्बिणीने त्यांतल्या काहींचे वर्णपट (प्रकाशाचे रंगांनुसार केलेले पृथक्करण) घेतले, तेव्हा त्यांत ताऱ्याच्याच डागांची छाप उमटलेली होती. अशा ताऱ्यांच्या डागांत तापमान इतकं उतरतं की तिथे खुद्द पाण्याचे रेणू तग धरतात. मग हाती आलेली वाफ ग्रहाची की ताऱ्याची?

2012 मध्ये अल्फा सेंटॉरी बी ताऱ्याभोवती पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह जाहीर झाला. 2015 मध्ये दुसऱ्या गटाने तोच डेटा पुन्हा तपासला, तेव्हा तो संकेत निरीक्षणांच्या वेळापत्रकातून उपजलेला निघाला. त्याआधीचं खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू लाइन यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1991 मध्ये त्यांच्या गटाने एका पल्सारभोवती (वेगाने फिरणाऱ्या, नियमित रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्याभोवती) सहा महिन्यांत फेरी मारणारा ग्रह जाहीर केला होता. जानेवारी 1992 च्या परिषदेत त्यांनी भर सभेत सांगितलं की गणितात पृथ्वीच्या कक्षेची लंबवर्तुळाकृती नीट धरली गेली नव्हती, ग्रह नाहीच. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात वोल्श्चान आणि फ्रेल यांनी दुसऱ्या पल्सारभोवतीचे ग्रह प्रसिद्ध केले आणि ते टिकले. सहा महिने, एक वर्ष, एक दिवस असा आवर्तकाळ, म्हणजे एका फेरीचा काळ, निघाला, की आधी पृथ्वीवर संशय घे.

नोकरीचंही विचारलं आहेस. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या एकामागून एक पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या, बहुधा वेगवेगळ्या देशांत, आणि कायम जागा मिळेलच याची खात्री नाही. घरच्यांशी हे आत्ताच बोलून घे. दुर्बिणीच्या वेळेचंही तसंच, वेबकडे उपलब्ध वेळेच्या कित्येक पट मागणी येते. प्रस्ताव नाकारला जाईल. विल्यम बोरुकी या शास्त्रज्ञाची केप्लर मोहीम, म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश सतत मोजून अधिक्रमणं शोधणारी अवकाश दुर्बीण, नासाने 1990 च्या दशकात पुन्हा पुन्हा नाकारली. इतकी अचूकता मिळूच शकत नाही, हा एक मोठा आक्षेप होता. त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम तारे मांडून ती मिळवून दाखवली. 2001 मध्ये मंजुरी, 2009 मध्ये उड्डाण. आणि पुढे केप्लरनेच दाखवलं, की सूर्यासारखे तारे अपेक्षेपेक्षा जास्त चंचल असतात!

गाईड निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोल. निकाल शून्य आला तरी तो छापू देणारे गाईड मिळाले, तर बाकीच्या गोष्टींत तडजोड चालेल.

प्रवेशाची वाट पाहत बसू नकोस. हार्प्स-एन या, ताऱ्यांचं डुलणं मोजणाऱ्या वर्णपटमापकाला एक छोटी सौर दुर्बीण जोडलेली आहे. ती सूर्याकडे एखाद्या दूरच्या ताऱ्यासारखी पाहते आणि तिचा काही वर्षांचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. तो उतरवून घे, सूर्याच्या वेगाचा आलेख काढ, आणि त्यातले चढउतार कशामुळे आले असतील ते तुझ्या शब्दांत मला लिहून पाठव. विषयाचं नाव त्यानंतर ठरवू.