टाळीच्या आधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. तू बसवलेलं जत्रेतलं नाटक पडलं, गावच्या लोकांना ते कळलंच नाही, असं तू लिहितोस. तो प्रयोग मीही पाहिला. पण मी मंडपाच्या खांबाला टेकून, लोकांकडे तोंड करून उभा होतो.

दुसऱ्या अंकात मुलगा घर विकायची गोष्ट काढतो, तिथे तुला टाळी हवी होती. ती आली नाही. पण तिसऱ्या रांगेतल्या एका आजीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं ते इतकं घट्ट, की बोट पांढरं पडलं. शेजारचे गृहस्थ खुर्चीच्या कडेवर सरकले. आणि खाज्याच्या पुड्यांची कुरकुर थांबली. आपल्या जत्रेत ही केवढी गोष्ट आहे, तूच सांग!

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या 27व्या अध्यायात प्रयोगाच्या यशाच्या खुणा सांगितल्या आहेत. स्मित, अर्धं हसू, मोठं हसू. 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार. अंगावर काटा, जागेवरून उठणं. पण या सगळ्या मानुषी सिद्धी, म्हणजे माणसांच्या प्रतिसादातून दिसणारं यश. दैवी सिद्धी निराळी: प्रेक्षागृह भरलेलं, आणि तरी आवाज नाही, गडबड नाही. तू ज्याला नाटक पडणं म्हणतोस, ते मला नेमकं हेच वाटलं.

काल्यातला, म्हणजे आपल्या दशावतारी खेळातला, संकासुर राक्षस आठव. तो काळाकभिन्न, लाल जीभ काढून आला की पोर आधी आईच्या कुशीत शिरतं. भीती नंतर पोचते. मग कुणीतरी सांगतं, अरे, हा आपला शेजारचाच दादा. आता मनाला सगळं ठाऊक असतं, तरी मूठ सुटत नाही, आणि ते पोर एक डोळा उघडा ठेवून बघत राहतं. अंग, भावना आणि बुद्धी तिन्ही एकदम कामाला लागली, म्हणून त्याला मजा येते. मोठ्या माणसांचंही असंच होतं, फक्त ती कुशीत शिरत नाहीत.

मात्र एक काळजी घे. नाट्यशास्त्राचे टीकाकार अभिनवगुप्त यांनी रसाची विघ्नं, म्हणजे नाटकाचा आस्वाद घेण्यातले अडथळे, सांगितली, त्यात स्वतःच्याच सुखदुःखात माणूस बुडून जाणं हे एक आहे. ज्याचं घर खरोखरच विकलं गेलंय तो त्या प्रवेशात नाटकातून उठून स्वतःच्या घरी जातो. त्याला परत आणायला थोडा अवकाश लागतो. तू तो दिलाच नाहीस. त्या शांततेवर लगेच पार्श्वसंगीत चढवलंस, आणि आजीने पदर सोडून दिला. मी पाहिलं ते.

मीही एका स्पर्धेत हीच चूक केली होती. हशे मोजत बसलो, आणि मुकी झालेली माणसं मला दिसलीच नाहीत. ते मला अजून सलतं.

पुढच्या आठवड्यातला प्रयोग याच संचात आहे ना? तिथे संगीत काढून टाक, दहा आकडे मोजेपर्यंत कुणालाही हलू देऊ नकोस. विंगेत थांबू नकोस, खांबाजवळ ये. चेहरे नंतर बघ, आधी हात आणि पाय बघ. मी तिथेच असेन. रात्री उशीर होईल, मुक्कामाला आमच्याकडेच ये, काकी तुझी वाट बघतेय.