जॉय-कॉनची, म्हणजे निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलच्या कंट्रोलरची, स्टिक हात न लावता सरकते. म्हापशात बसून घरीच हॉल इफेक्ट स्टिक बसवता येईल का?

येईल, आणि सोल्डरिंगही लागत नाही. मूळ स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूचा संपर्क घासत असतो. पट्टी झिजली की गेममधलं पात्र आपोआप चालू लागतं. हॉल इफेक्ट स्टिक चुंबकावर चालते, त्यामुळे तिथे घासायला काही नसतं.

आधी पेचकस. मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे, म्हणजे वाय-००. असा पेचकस साध्या हार्डवेअरच्या दुकानात क्वचितच मिळतो. ऑनलाइन किट मागवा. साधा पेचकस दाबून फिरवलात तर डोकं गुळगुळीत होईल. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेला असला तर घाई मुळीच नको.

झाकण पुस्तकासारखं हळू उघडा, आत रिबन केबल, म्हणजे पातळ चपटी केबल, जोडलेली असते. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. मग रिबनचं इवलंसं लॉक नखाने वर उचलून केबल काढा. खरी नासाडी इथेच होते: लॉक न उघडता केबल ओढली की कनेक्टर गेला! स्टिक फक्त दोन स्क्रूंवर बसते, ते सोपं.

जोडल्यावर स्विचच्या सिस्टम सेटिंग्ज, कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये जाऊन स्टिकचं कॅलिब्रेशन, म्हणजे तिचा मध्य आणि कडा नव्याने जुळवणं, कराच.

वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका. बटणं फक्त चिकटत असतील तर मात्र एवढा खटाटोप कशाला, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसून बघा. पावसाळ्यात सुटे भाग रात्रभर उघडे ठेवू नका. सिलिका जेल घालून डब्यात बंद करा.