पाणी मुरतंय कुठं?

प्रश्न : रोजचं शब्दकोडं मी चहा संपेपर्यंत सोडवतो. पण दिवाळी अंकातलं एक कोडं तीन दिवस छळतंय. प्रत्येक सूचनेत शब्दांचा खेळ आहे आणि मोठ्या उत्तरांमागे एकच सूत्र आहे, असं वर छापलंय. 17पैकी 4 शब्द आलेत. ‘नदी उलटली, गरीब करून गेली (2)’ याचा अर्थ तरी काय लावायचा? अशी कोडी सोडवतात कशी?

उत्तर : अर्थ लावूच नका. तुमचे तीन दिवस तिथंच गेलेत.

‘नदी’ कागदावर लिहा आणि उलटी वाचा. दी-न. दीन म्हणजे गरीब. झालं. त्या ओळीत ना नदी आहे, ना पूर, ना कुणाचं वाहून गेलेलं घर. कोडेकारानं तुमच्या डोळ्यांपुढे एक चित्र धरलं आणि तुम्ही भल्या माणसासारखे ते बघत बसलात. रोजच्या कोड्याची सवय असलेल्या सगळ्यांचं हेच होतं, माझंही वर्षभर झालं. साध्या कोड्यात सूचना खरं बोलते. इथं ती खोटं बोलत नाही, पण खरं असं बोलते की ते तुमच्या लक्षात येऊ नये.

म्हणून ओळ वाचताना शिवण शोधायची. अशा प्रत्येक सूचनेत दोन तुकडे जोडलेले असतात. एकात उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्यात ते उत्तर बनवायची कृती. सरळ अर्थ नेहमी ओळीच्या एका टोकाला असतो, सुरुवातीला नाहीतर शेवटी. मधे कधीच नसतो. तेव्हा आधी दोन्ही टोकं तपासा आणि मधल्या स्वल्पविरामावर मुळीच विश्वास ठेवू नका, तो दिशाभूल करायलाच ठेवलेला असतो.

कृती सांगणारे शब्द हळूहळू ओळखू येतात. ‘उलटली’, ‘परतली’, ‘माघारी फिरली’ म्हणजे शब्द उलटा करा. ‘वळवळली’, ‘गोंधळ’, ‘विस्कटलं’ म्हणजे अक्षरं हलवा : ‘मगर वळवळली, चहा असाच हवा (3)’, उत्तर गरम. ‘पोटात’, ‘कुशीत’ असेल तर एका शब्दात दुसरा घाला. ‘तोंड’, ‘डोकं’ म्हणजे पहिलं अक्षर. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द ‘बिनडोक’. ‘बिनडोक कारण, त्यापायी लढाई (2)’. कारण या शब्दाचं डोकं उडवा, रण उरतं. अशी ओळ ज्याला सुचली त्याला एक चहा माझ्याकडून.

कधीकधी मात्र कृती नसतेच, दोन्ही टोकांना अर्थच असतात. ‘थोडं म्हातारपण (2)’. याचं उत्तर जरा. एकदा दंततालव्य ज, एकदा तालव्य ज. बोलताना दोन वेगळे शब्द, लिहिताना एकच. इंग्रजी कोडेकार ‘ऐकायला सारखे, लिहायला वेगळे’ अशा जोड्यांवर जगतात. आपण जवळजवळ बोलतो तसंच लिहितो, त्यामुळे आपल्याकडे तसलं दिन-दीन, सुत-सूत एवढ्यावरच आटोपतं. उलट ‘लिहायला सारखे, बोलायला वेगळे’ ही गंमत आपल्याकडे आहे आणि मराठी कोडेकारांनी ती पुरेशी लुटलेली नाही, असं माझं मत आहे.

शब्दकोडं हा प्रकार मूळचा परका. आर्थर विन नावाच्या माणसाचं पहिलं कोडं 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात छापून आलं. तेव्हाच्या सूचना सरळ होत्या. त्यांना वाकडं वळण लावलं ते पुढच्या दशकात इंग्रजांनी. पण देवनागरीत येताना एक मोठा फरक पडला, तो पक्का समजून घ्या. त्यांच्या घरात एक लेटर बसतं, आपल्या घरात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर. ‘पुस्तक’ला तीन घरं, ‘स्त’ एकाच घरात. म्हणून नदी उलटली की वेलांटी द बरोबरच जाते, मागे राहत नाही. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य दोन्हीकडून सारखं वाचता येतं ते याच हिशोबानं. ‘चिमा काय कामाची’ मात्र शाळेत सगळ्यांनी पाठ केलं असलं तरी नीट उलटत नाही, पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. कोड्यात हे चालत नाही. आणि याचाच फायदा उठवायचा : तीन अक्षरी शब्दातलं एक घर उभ्या शब्दातून मिळालं तर वेलांटीसकट एक तृतीयांश उत्तर हातात आलं. इंग्रजीवाल्यांना एवढं फुकट मिळत नाही.

आता सूत्राचं. ते मला शिकवून गेलं आमच्या सोसायटीतलं एक कोडं, म्हणून तेच सांगतो.

आम्ही नागपूरला शंकरनगरच्या बाजूला राहतो. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट इकडच्या कुणाला विसरता येणार नाही. रात्री काही तासांतच 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि एरवी नाला म्हणून नाक मुरडून जिच्यावरून आपण गाडी नेतो, ती नाग नदी घराघरांत शिरली. ऐन गणपतीचे दिवस होते. आमच्या तळमजल्यावर निवृत्त मराठीचे शिक्षक राहतात, सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांच्याकडे कमरेइतकं पाणी होतं. त्यांना वर आमच्याकडे आणलं तेव्हा त्यांच्या हातात फक्त चष्म्याचं घर होतं.

पुढच्या वर्षी गणपतीत सरांनी सोसायटीसाठी कोडं काढलं. झेरॉक्स काढून घरोघरी वाटलं, बक्षीस अर्धा किलो संत्राबर्फी. वर नाव : ‘पाणी मुरतंय’. खाली एक ओळ : तीन ठळक उत्तरांत पाणी मुरलंय, चौथं उत्तर त्यातूनच निघेल.

मी लगेच ठरवून टाकलं की हे नागपूरच्या तलावांवर आहे. पूर, पाणी, सर, सगळं जुळत होतं. चौथी सूचना होती : ‘तिघांतलं पाणी काढून टाका, मग वाहू लागेल (3)’. तीन घरं. फु-टा-ळा. तलाव भरला की सांडव्यावरून वाहतोच, असं मीच मला समजावलं आणि पेनानं लिहून मोकळा झालो. मग दीड दिवस गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा हे सगळे तलाव आडवेउभे बसवत बसलो. एकही बसेना.

इथं माझी चूक नीट बघा, कारण तुम्हीही हीच करत असाल असा मला दाट संशय आहे. सूत्र आधी ठरवून उत्तरं त्यात कोंबायची नसतात. आधी कुठलीही दोन ठळक उत्तरं त्यांच्या त्यांच्या कृतीनं सोडवायची, मग ती शेजारी लिहून विचारायचं : यांच्यात सारखं काय? तेही अर्थात नाही, अक्षरांत.

पहिलं उत्तर सोपं होतं. ‘परातीचं तोंड, मागे पाणी, दूध नासलं तरी फायदाच (3)’. प आणि नीर, पनीर.

दुसऱ्यावर आमच्याकडे भांडण झालं. ‘गाईच्या पोटात तो, सूर लावून काय करतोय? (3)’. मुलगी म्हणाली, “बाबा, वासरू.” मी म्हटलं वासरू सूर लावतं, पण ‘तो’ नसतं. मग पोटात हा शब्द खुपला. गाय या शब्दाच्या पोटात ‘तो’ घातला. गा-तो-य. इतकी स्वच्छ ओळ मी मराठीत क्वचित बघितलीय. वाचताना डोळ्यांपुढे गाभण गाय, आणि उत्तरात मैफिलीतला गवई.

पनीर आणि गातोय. एक खायचं, एक ऐकायचं. फुटाळ्याशी दोघांचाही संबंध नाही. मी कागद बाजूला सारला. मुलगी दहावीत आहे आणि तिला माझ्याइतकं तलावांचं वेड नाही, तिनं पनीरमधल्या नीरवर बोट ठेवलं. “पाणी तर इथंच आहे. सूचनेत लिहिलंयच की.” मग गातोयमधलं पाणी? संध्याकाळी आई आरतीच्या ताटात फुलं मांडता मांडता पुटपुटत होती, “पत्रं पुष्पं फलं तोयं...” मी तिला तिथंच थांबवलं. तोय! पान, फूल, फळ आणि पाणी. पन्नास वर्षं हा श्लोक कानावर पडतोय आणि रोज कोणीतरी येतोय, जातोय, खातोय, त्या प्रत्येकात पाणी आहे हे कधी दिसलं नव्हतं.

तिसऱ्यानं सगळ्यात जास्त रडवलं. ‘आजी गेली वनात, ती मरेपर्यंत (4)’. दुसऱ्या घरात उभ्या शब्दातून ‘जी’ आलेली होती (‘तिला हाड नाही, तरी घाव घालते’, जीभ). मी ‘वनात’ वाचलं आणि आजीला वनाच्या पोटात कोंबत बसलो : व-आ-जी-न. असा शब्द कुठल्याही भाषेत नसेल. खरं तर आजीच्या मागे वन ठेवायचं होतं, बस. आजीवन, म्हणजे मरेपर्यंत. त्यात पाणी कुठलं, हे ज्याच्या घरी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतला नळ आहे त्याला सांगायला नको. जीवन म्हणजे पाणी. हा अर्थ सरकारी पाटीवर ठळक लिहिलेला असतो आणि आपण तो आयुष्य म्हणून वाचतो.

(‘वनात’बद्दल मी नंतर सरांशी वाद घातला. ‘पोटात’ म्हणजे आत आणि ‘वनात’ म्हणजे मागे, हा कुठला न्याय? सर म्हणाले, “गेली म्हटलंय, पोहोचली कुठं म्हटलं?” मला हे आजही पटलेलं नाही. कोडेकारानं फसवावं, पण व्याकरण धरून फसवावं. तुमच्या अंकातल्या कोड्यातही एखादी अशी सैल ओळ असणार. कृती नीट बसत नसेल आणि आजूबाजूची सगळी अक्षरं जुळत असतील, तर दोष तुमचा नाही असं समजून खुशाल पुढे जा.)

सूत्र कळलं की ते औजारासारखं वापरायचं. उरलेल्या ठळक उत्तराची घरं मोजा, ‘यात जल, उदक, नीर बसतं का’ असं उलटीकडून विचारा. तुमच्या कोड्यात चार शब्द आले म्हणता, त्यात ठळक किती? दोन असतील तर आजच सुटेल. आणि कोड्याला नाव असेल तर ते पुन्हा पुन्हा वाचा. ती सगळ्यात मोठी सूचना असते आणि तिलाच नंबर नसल्यामुळे कोणी सोडवायला जात नाही.

आणखी एक. कोडेकार कुठला आहे बघा. सरांच्या कोड्यात एक ओळ होती : ‘इडलीसोबत वाटीत, नाहीतर वडीच्या पोटात (3)’. पुण्याहून आलेले आमचे मेहुणे अर्धा तास पोटात काय काय घालत बसले. आमच्या शेजारच्या वहिनींनी भाजी निवडता निवडता सांगितलं, “सांबार जी, अजून काय?” इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिचीच सांबारवडी. शब्दकोश कितीही जाड घ्या, कोडेकाराच्या स्वयंपाकघरात काय म्हणतात ते ठाऊक नसेल तर अशी ओळ सुटत नाही.

राहिलं चौथं उत्तर. तिघांतलं पाणी काढून टाका. आजीवनमधून जीवन काढलं, आ उरला. पनीरमधून नीर काढलं, प. गातोयमधून तोय, गा. आपगा. मी फुटाळा खोडला, पण आपगा लिहायला हात धजेना. असा शब्द असतो तरी का? घरात कोणालाच ठाऊक नव्हता. मोबाइलवर बघायचं नाही असं सोसायटीत ठरलेलं. म्हणून खाली गेलो आणि सरांनाच शब्दकोश मागितला.

“होता,” सर म्हणाले. “मागच्या वर्षी आपगाच घेऊन गेली.”

मी वर आलो आणि तीन घरं भरली. पेनानं लिहिलेल्या फुटाळ्यावर गिरवून गिरवून कागद फाटला होता, बर्फी दुसऱ्या मजल्यावर गेली. तुम्ही पेन्सिल घ्या.