टचस्क्रीनची गाडी घेताय? भर दुपारी चालवून बघा

भाऊ, स्क्रीन किती इंची हे नंतर. नकाशा आणि मागच्या कॅमेऱ्यासाठी मोठा स्क्रीन खरंच कामाचा, त्यात वाद नाही. पण एसी, वायपर, डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणारा) आणि आवाजाला वेगळी बटणं हवीतच. बटण बोटाला सापडतं, स्क्रीनला डोळे लागतात. नागपूरच्या वर्धा रोडवर ताशी 80 किमीच्या वेगात 2 सेकंद नजर हटली, की गाडी 44 मीटर पुढे गेलेली असते! युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅपनेही 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापायचं ठरवलंय.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी 1 वाजता घ्या. उन्हात स्क्रीन वाचता येतो का? पंख्याचा वेग बदलायला बोट किती वेळा लावावं लागतं, मोजा. दोनपेक्षा जास्त वेळा लागलं तर ती गाडी सोडा.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, बंद गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त. तापलेला स्क्रीन अंधुक होतो, अडकतो. वर्षानुवर्षं तापून काचेखालचा चिकट थर सुटला की बुडबुडे दिसतात. उभ्या गाडीला सनशेड लावा, निघताना 2 मिनिटं काचा उघड्या ठेवा. पुसायला मायक्रोफायबर कापड. अमोनियावाला स्प्रे वरचा लेप खातो. स्क्रीनची वॉरंटी किती वर्षं, ते लेखी घ्या.