विहिरीकडे धावणारं लेकरू आणि कुत्रा

प्रश्न : डॉक्टरताई, आमचं घर वावरातच आहे. मुलगा ७ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, बोलत नाही. पाणी दिसलं की धावत सुटतो. मागच्या भादव्यात पऱ्हाटीत शिरला, पाऊण तास सापडला नाही. शेवटी विहिरीच्या काठावर बसलेला दिसला. अशा मुलांसाठी कुत्रे शिकवतात, असं मोबाइलवर पाहिलं. नागपूरहून लॅब्राडोरचं पिल्लू आणावं, असं यांचं म्हणणं आहे. कसं निवडावं, कसं शिकवावं?
– एक आई, आर्वी तालुका

उत्तर : ताई, आधी विहिरीवर लोखंडी जाळी टाका, कुलपाची. फाटकाची कडी त्याचा हात पुरणार नाही इतकी वर बसवा. कुत्रा येईल मग बघू, असं करू नका. कुत्रा तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. ऑटिझम असलेल्या बऱ्याच लेकरांना पाण्याची ओढ असते, आणि जीव जातो तो बहुतेकदा तिथेच.

मग लेकराला विचारा. बोलत नसला तरी तो सांगेल. ओळखीच्या घरच्या शांत, वयस्क कुत्र्याजवळ त्याला चार-पाचदा न्या. भुंकलं की कान दाबतो का, ओल्या नाकाचा स्पर्श चालतो का, बघा. नकोच असेल तर विषय तिथेच सोडा.

माझ्या बहिणीच्या मुलासाठी कुत्रा घेतला तेव्हा मी २० वर्षं जनावरं तपासत होते, तरी चुकले. सगळ्यांत आधी धावत येऊन चप्पल ओढणारं पिल्लू मला भावलं. मोठं झाल्यावर ते असं अंगावर झेपावायचं की पोरगा पलंगावरून उतरेना. दुसऱ्यांदा दीड वर्षाची लॅब्राडोर मादी आणली, स्वभाव कळून चुकलेली. तुम्हालाही मी तेच सुचवीन. पिल्लूच हवं असेल तर ८ आठवड्यांच्या आतलं विकणं नियमाविरुद्ध आहे, हे लक्षात ठेवा. त्याच्या मागे स्टीलची ताटली पाडा. दचकून पुन्हा वास घ्यायला आलं तर चांगलं. दडून बसलं किंवा गुरगुरलं तर घेऊ नका. पिल्लाची आई कशी आहे, तेही बघाच.

आमच्या त्या मादीला आम्ही आधी ‘टेक’ शिकवलं : टोंगळ्यावर हनुवटी ठेवायची आणि उठ म्हणेपर्यंत हलायचं नाही. पोरगा कपाळावर हात मारू लागला की बहीण हळूच ‘टेक’ म्हणायची. त्या वजनाने तो निवायचा. रोज नाही, पण बऱ्याचदा.

तुमच्यासाठी खरं मोलाचं आहे ते ‘शोध’. लेकराचा घातलेला सदरा कुत्रीला हुंगायला द्या, त्याला दाराआड लपवा. सापडला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मग गोठ्यात, मग धुऱ्यापलीकडे, मग उभ्या तुरीत. लेकराजवळ मोठं माणूस हवंच. एका वेळी पाचच मिनिटं, दिवसातून तीनदा. कंटाळण्याआधी थांबा. आमच्याकडे हा खेळ पोरालाही आवडला. लपायच्या जागी तो आपणहून जाऊन बसायचा.

परदेशात लेकराचा पट्टा कुत्र्याच्या अंगपट्ट्याला जोडतात. आपल्या रस्त्यावर मोकाट कुत्रे अन्‌ ढोरं असतात, तिथे मी ते करू देणार नाही. दोरी मोठ्या माणसाच्याच हातात हवी. दोघांना एकटं सोडू नका. कुत्रा सारखी जांभई देतोय, ओठ चाटतोय, तोंड फिरवतोय, तर त्याला उठून जाऊ द्या. ओसरीचा एक कोपरा फक्त त्याचा, लेकरू तिथे जाणार नाही. रेबीजची लस दरवर्षी, गोचिडांची तपासणी रोज. चैत्र-वैशाखात तळहाताची मागची बाजू जमिनीला सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला भाजली तर त्याचे पंजेही भाजतील.

थेरपी बंद करू नका, कुत्रा तिची जागा घेत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढून घ्या.

शिकवायला दिवाळीनंतर घ्या. तेव्हा ऊन कोवळं असतं, तूर लेकराच्या डोक्यावर गेलेली असते आणि कापूस वेचायला घरची माणसं दिवसभर वावरातच असतात.