जुन्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची बिल्ड व्यवस्था बदलणे हे खरे योगदान ठरते का?

तुम्ही विचारले आहे की एका जुन्या सी लायब्ररीची (इतर प्रोग्राम वापरतात अशा सी भाषेतील तयार कोडची) बिल्ड, म्हणजे मूळ कोडपासून वापरण्याजोग्या फाइली तयार करण्याची व्यवस्था, ऑटोटूल्स या जुन्या साधनसंचावरून मेसन या नव्या साधनावर नेण्याचे काम हाती घ्यावे का, आणि वापरणाऱ्याला एकही नवी सोय मिळणार नसेल तर त्याला योगदान म्हणता येईल का. मुंबईत नोकरी सांभाळून मी अशाच मुक्त प्रकल्पांच्या देखभालीत हातभार लावतो, आणि माझ्या मते हे योगदान नव्या सुविधेइतकेच मोलाचे आहे.

'चालते आहे तर हात कशाला लावायचा' हे तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकावे लागेल. पण आपला कोड जागचा हलला नाही तरी त्याखालचा कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, बदलतच असतो. २०२४ साली आलेल्या जीसीसी या कंपायलरच्या १४व्या आवृत्तीत, आधी डिक्लेअर न केलेले फंक्शन वापरल्यास पूर्वीसारखी नुसती वॉर्निंग न येता एरर येते. ऑटोटूल्सच्या जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये एखादी सोय उपलब्ध आहे का हे तपासणारे छोटे प्रोग्राम असतात आणि त्यांतले काही आवश्यक हेडर (फंक्शन डिक्लेअर करणारी फाइल) न घेताच एक्झिट फंक्शन वापरतात. असा प्रोग्राम नव्या कंपायलरवर कंपाइल होत नाही, स्क्रिप्ट त्यावरून 'ही सोय येथे नाही' असा निष्कर्ष काढते, आणि बिल्ड मात्र विनातक्रार पूर्ण होते. या तपासण्यांचे निकाल नोंदवणाऱ्या कॉन्फिग.एच फाइलमध्ये जिथे काल १ होता, ती ओळ आज कॉमेंटमध्ये गेलेली, म्हणजे निष्क्रिय झालेली दिसते, एवढाच काय तो माग उरतो.

म्हणून मेसनची पहिली ओळ लिहिण्याआधी जुन्या बिल्डमधून काय बाहेर पडते याची नोंद करून ठेवा: कॉन्फिग.एच, एक्सपोर्ट होणारे सिम्बॉल (लायब्ररीने इतरांसाठी खुली ठेवलेली नावे), इन्स्टॉल होणाऱ्या फाइली. शेअर्ड लायब्ररीच्या (अनेक प्रोग्राम चालताना वापरतात त्या फाइलीच्या) आवृत्तीकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहा. लिबटूल या ऑटोटूल्समधील साधनात ७:२:५ (चालू क्रमांक, दुरुस्ती, मागच्या किती क्रमांकांशी सुसंगत) असे लिहिले असेल तर लिनक्सवर लायब्ररीच्या नावात ७ येत नाही. सातातून पाच वजा होऊन २ येतो. मेसनच्या फाइलमध्ये कोणी सरळ ७ लिहिला, तर त्या लायब्ररीवर विसंबलेले आधीचे प्रोग्राम सुरूच होणार नाहीत.

दोन्ही व्यवस्था काही काळ शेजारी-शेजारी चालू ठेवाव्यात. आपल्या मुंबईच्या लोकलचा वीजपुरवठा १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर नेताना दोन्हींवर धावणाऱ्या गाड्या वापरल्या गेल्या, कारण रोजची वाहतूक थांबवणे शक्यच नव्हते. येथेही तोच विचार आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रकल्पाने २०२३ मध्ये सोळाव्या आवृत्तीत मेसन आणले, तेव्हा ऑटोकॉन्फ (ऑटोटूल्सचाच भाग) काढून टाकले नव्हते.

बिल्डच्या फाइली सहसा कोणी वाचत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनात घातक कोड लपवल्याचे उघडकीस आले; तो कार्यान्वित करणारी एमफोर फाइल (बिल्डचीच एक फाइल) गिट रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात, नव्हतीच; ती फक्त ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये (प्रसिद्ध केलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) होती. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पोस्टग्रेसक्यूएलवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांनी पिच्छा पुरवला म्हणून ती सापडली. टारबॉल गिटमधील टॅगवरून (त्या आवृत्तीला लावलेल्या खुणेवरून) कोणालाही जसाच्या तसा तयार करता आला पाहिजे, ही सुधारणा तुम्ही केलीत तर मेसन येवो न येवो, प्रकल्पाचे मोठे काम झालेले असेल.

काम सुरू करण्यापूर्वी मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, विचारा. तो बहुधा एकटा आणि विनामोबदला काम करत असतो, आणि हजार ओळींचा एकच पॅच (कोडमधील बदलांचा संच) म्हणजे त्याच्यावर नवे ओझेच. माझ्या मते पहिला पॅच मेसनचा नसावाच. सध्याची बिल्ड आणि टेस्ट प्रत्येक बदलानंतर जुन्या व नव्या जीसीसीवर आपोआप चालवणारी सीआय फाइल पाठवावी. ती स्वीकारली गेली की तिच्याच आधारावर मेसनची बिल्ड जोडता येईल, आणि दोन्हींच्या कॉन्फिग.एच फाइलींमधला फरक मेंटेनरला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.